वतनाची वाटी

"भोक पडलेलं भांडं! ना ह्यात दूध राहतं, ना पीठ. पण घासायचं मात्र दर आठवड्याला, आणि घासून वर लकाकी यायला हवी. कामाच्या माणसाला विचारत नाही कुणी, बिनकामाच्या वस्तूची बडदास्त बघा."

हे मी अगदी जवळून ऐकलं, कारण बोलणारीच्या दोन्ही हातांत मीच होते. मोरीत उकिडवं बसून राखेने आणि लिंबाच्या सालीने ती मला घासत होती. ती ह्या घरची सून. तिला राग माझा नव्हता, हे मला ठाऊक होतं. माणसं ज्याला बोलू शकत नाहीत त्याचा राग भांड्यावर काढतात. आम्ही भांडी त्यासाठीही असतो.

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची वाटी आहे. दोन ओंजळी पाणी मावेल एवढी, पत्र्यासारखी पातळ. माझ्या तळाला बरोबर मधोमध एक बारीक भोक आहे. ते पडलेलं नाही, पाडलेलं आहे. तुम्ही हसाल, पण त्या भोकासाठीच माझा जन्म झाला. भोक नसतं तर मीही चार वाट्यांसारखी फडताळात पालथी पडले असते, आणि खरं सांगू? सुखी झाले असते.

मला घडवलं एका म्हाताऱ्या तांबटाने. ठोकून ठोकून मला गोल करायला त्याला एक दिवस लागला, आणि भोक पाडायला तीन. राजाच्या कोठारातून माझ्यासारखीच एक वाटी त्याच्याकडे नमुन्याला आली होती. ती पाण्यावर सोडली की भोकातून हळूहळू पाणी आत चढे आणि चोवीस मिनिटांनी ती बुडे. तेवढ्या वेळाला तेव्हा घटका म्हणत. तांबट आम्हा दोघींना एकाच घंगाळात सोडायचा आणि हनुवटी गुडघ्यावर टेकून बघत बसायचा. मी मागे राहिले की केसाएवढं भोक वाढवायचा, पुन्हा सोडायचा. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी एकदमच बुडालो. म्हातारा एकटाच टाळ्या वाजवत हसला. मग मला पुसून म्हणाला, "झालं. आता हिच्या भोकाला कुणी हात लावू नका. मीसुद्धा लावणार नाही."

आता माझं काम सांगते. डोंगरातल्या झऱ्यावरून एक पाट काढलेला होता. पाटाखाली सव्वीस शेतं होती आणि पाणी एकच. मग कुणी किती वेळ घ्यायचं? पाटाच्या तोंडाशी एक दगडी घंगाळ होतं. त्यात पाणी भरून माझा मालक मला वर सोडायचा. मी बुडाले की उचलायचा, रिकामी करायचा, पुन्हा सोडायचा आणि एक खडा बाजूला ठेवायचा. सहा खडे झाले की ह्या शेताचं पाणी अडवणारी फळी बंद, पुढच्याची उघडी. रात्र असो, ऊन असो, पाट वाहतोय तोवर कुणीतरी माझ्याजवळ डोळे उघडे ठेवून बसलेलं असे.

ह्या कामासाठी राजाने माझ्या पहिल्या मालकाला वतन दिलं.

वतन हा शब्द तुम्ही गोष्टींत वाचता. कुणी छाती फुगवून सांगतं, आमच्या पणजोबांना वतन होतं. ऐकणाऱ्याला वाटतं, पराक्रम केला असेल, राजा खूश झाला असेल आणि टाकली असेल चाळीस बिघे जमीन ओंजळीत. मी तिथे होते. तसं काही झालं नाही. माझा पहिला मालक लंगडा होता, लढाईला गेलाच नव्हता. पाटावरच्या लोकांनी त्याचं नाव सुचवलं, कारण तो खोटं बोलताना अडखळायचा. राजाचा अंमलदार घोड्यावरून उतरला. त्याने मालकाच्या एका हातावर त्या जमिनीतलं ढेकूळ ठेवलं, दुसऱ्या हातात मला दिलं आणि कागद वाचला. "ही वाटी नेमकी बुडेल तोवर ही जमीन तुझ्याकडे आणि तुझ्या लेकराबाळांकडे. वाटी खोटी झाली की जमीन पाटाखालच्या सगळ्या पाटकऱ्यांची."

मालक म्हणाला, "म्हणजे जमीन माझी नाही?"

"काम तुझं आहे," अंमलदार म्हणाला. "जमीन त्या कामाच्या पोटाला."

एवढंच होतं ते. वतन म्हणजे आधी काम, मग जमीन. चाकरी करायची म्हणून पोटापुरतं शेत. पण माणसांचे कान मोठे चतुर. लंगड्या मालकाच्या मुलाने ते सगळं लक्षात ठेवलं. नातवाला त्यातलं अर्धं आठवत होतं. पणतवाने 'लेकराबाळांकडे' हा एकच शब्द धरून ठेवला. पुढे कुणीतरी तो कागद चौकटीत बसवून बैठकीच्या भिंतीला लावला. चौकट लहान पडली म्हणून कागदाचा खालचा भाग मागे दुमडला. 'वाटी खोटी झाली की' हे त्या दुमडीत गेलं. मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. मोठी चौकटही बाजारात मिळत होती, एवढंच म्हणते.

घराला सगळे 'वतनदारांचं घर' म्हणू लागले. पाटाच्या तोंडाशी घर, घरामागे हिरवंगार शेत. माझं कौतुक फार व्हायचं. पाहुणे आले की मला दाखवायचे. आपल्या पाळीला मात्र माझ्या भोकाला मेणाचा कण लागायचा. मेण लागलं की मी हळू बुडायचे, आणि वतनदारांची घटका ऐसपैस व्हायची. पाळी संपली की नखाने मेण काढून टाकायचे. मला लाज वाटायची. पण मी पडले वाटी, माझं कोण ऐकणार? मी आपली बुडत राहिले.

तरी तोवर भोक तांबटाचंच होतं. ते बिघडलं एकतीस वर्षांपूर्वी.

त्या वर्षी झरा आटला होता. पाटातून पाणी नव्हे, नुसती ओल सरपटत होती. आता जी सासू आहे ती तेव्हा तरणी होती, दोन लेकरांची आई. तिचा नवरा मला घेऊन पाटावर बसायचा आणि घरी येऊन कपाळाला हात लावायचा. मेण लावूनही शेत पिवळं पडत चाललं होतं. एका दुपारी तो जेवून कलंडला. ही स्वयंपाकघरात मला घेऊन बसली. तिने पोती शिवायचा दाभण उचलला, माझ्या भोकात घातला आणि एक गिरकी दिली. केसाएवढीच. लगेच तिने मला छातीशी धरलं, जसं काही मला लागलं असेल. लागलंच होतं.

पुढच्या पाळीला मी सतरा मिनिटांत बुडाले. दुसऱ्यांच्या प्रत्येक घटकेतली सात मिनिटं गेली. पाट लवकर मोकळा व्हायचा आणि पाणी फिरून वतनदारांच्या शेताकडे यायचं. नवऱ्याला चार दिवसांनी कळलं. त्याने मला उजेडात धरून पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. ती भाकऱ्या थापत होती. तो मला घेऊन पाटावर निघाला. तिने मान वर केली नाही. त्या दिवसापासून ह्या घरात माझ्या भोकाबद्दल बोलायचं नाही, असं न बोलताच ठरलं.

पाऊस पुढच्या वर्षी भरपूर झाला. झरा पुन्हा वाहू लागला. पण मित्रांनो, भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही.

आता पाटाच्या दुसऱ्या टोकाला चला. सव्विसावं शेत, सगळ्यात शेवटचं. पाटाच्या तोंडाशी फळी उघडली की पाण्याला तिथवर पोचायलाच दोन-अडीच तास लागायचे. म्हणून त्याच्या पाळीला मुळातच खडे जास्त, दहा. दहा खड्यांत प्रत्येकी सात मिनिटं कमी झाली की काय उरणार? पाणी पोचायचं, दोन वाफे भिजवायचं आणि बंद व्हायचं. त्या शेताचा मालक बांधावर खोऱ्याला टेकून वाट बघत बसलेला असे. बसून बसून कधी त्याची मान कलायची. वरून जाणारे-येणारे बघायचे. झालं. त्याचं नाव पडलं पेंगुळ्या. शेत वाळलं तर म्हणायचे, पाणी आलं तेव्हा पेंगत होता.

त्याला शंका आली नव्हती असं नाही. एकदा पाटाच्या तोंडाशी येऊन तो माझ्याकडे टक लावून बघत उभा राहिला. म्हणाला, "वतनदार, वाटी हल्ली जरा लवकर बुडते का हो?"

"तुला झोपेत वेळ कळतो वाटतं," वतनदार म्हणाले. तिथे बसलेले चौघे पाटकरी फिदीफिदी हसले. त्या चौघांच्याही घटका सतराच मिनिटांच्या होत्या. पण वतनदारांनी फळी दहा मिनिटं उशिरा उघडली तर काय घ्या! म्हणून हसले. पेंगुळ्याही हसला. ते हसणं मी विसरलेले नाही.

ह्या पेंगुळ्याची लेक म्हणजेच मला घासणारी आमची सून. वतनदारांच्या मुलाने तिला पाटावर कपडे धुताना पाहिलं आणि हट्टच धरला. सासूने हो म्हटलं, पण जिभेवर ताबा ठेवायचं कबूल केलं नव्हतं. दूध उतू गेलं की, "पेंगुळ्याची लेक ना!" सकाळी उठायला जरा उशीर झाला की, "बापाचा गुण कुठे जाईल?" सून पदर खोचून कामाला लागायची. घरात सगळ्यांच्या आधी उठायची, सगळ्यांच्या नंतर आडवी व्हायची. दहा वर्षांत दिवसा एकदाही तिने पाठ टेकली नाही. तापात सुद्धा बसून राहायची, भिंतीला टेकून, डोळे सताड उघडे. कुणी पेंगताना बघू नये म्हणून. तिच्या लग्नानंतर वर्षभराने पेंगुळ्या गेला. शेवटच्या दिवसांत लेकीला म्हणाला, "मी खरंच झोपायचो का गं? मला तर आठवत नाही." ती घरी आली आणि मला घासायला घेतलं. त्या दिवशी राखेबरोबर पाणीही बरंच पडलं माझ्यावर, आणि ते नळाचं नव्हतं.

तोवर माझं काम संपलं होतं. पाटाला लोखंडी दारं बसली, घड्याळ बघून ती उघडणारा पगारी माणूस आला. मी काचेच्या कपाटात गेले. पण जमीन वतनदारांकडेच होती. काम गेलं तरी कामाच्या पोटाची जमीन सुटत नाही, हे मी खूप ठिकाणी झालेलं ऐकलं आहे.

मग वतनदार वारल्यावर एक दिवस नोटीस आली. जुनी सगळी वतनं सरकारने बंद केली होती. ज्या घराने चाकरी शेवटपर्यंत नीट केली, त्याच्या नावावर जमीन कायमची होणार. नसेल केली तर ती पाटाखालच्या सव्वीस शेतांमध्ये वाटली जाणार. चौकशीला या आणि चाकरीचं साधन बरोबर आणा.

साधन म्हणजे मी.

चौकशीच्या आदल्या दुपारी मुलाने, म्हणजे सुनेच्या नवऱ्याने, खोलीचं दार लावलं. बादली भरून मला सोडलं आणि हातातलं घड्याळ बघत बसला. सतरा मिनिटं. त्याचा चेहरा उतरला. म्हणजे त्यालाही आतून ठाऊकच होतं. मग त्याने मेणाचा कण घेतला, भोकाच्या कडेला लावला. वीस. आणखी जरासा. तेवीस. आणखी. चोवीस! तीनदा करून पाहिलं. तीनही वेळा चोवीस. त्याने मला हळूच कपाटात ठेवलं आणि हे कुणालाही सांगितलं नाही. सांगणार कसा? मेण का लावलं असं कुणी विचारलं असतं, तर भोकाबद्दल बोलावं लागलं असतं.

सकाळी सासू म्हणाली, "सूनबाई, वाटी चांगली लख्ख करून दे. अधिकाऱ्यांपुढे जायची आहे. घराची अब्रू आहे ती."

"मागच्या आठवड्यात तर घासली, आई."

"मग आज परत घास. का झोप येतेय?"

सून मला घेऊन मोरीत गेली. गार पाण्याने तांबं नीट उजळत नाही, म्हणून तिने चुलीवरून कढत पाणी घेतलं. राख, लिंबू आणि वरून कढत पाण्याचे तीन तांबे. माझ्या भोकातून मेण वितळून मोरीत गेलं. तिला ते दिसलंही नाही. मी लखलखत होते, आणि ओरडू शकत नव्हते. मित्रांनो, ज्या घरात एका गोष्टीबद्दल बोलायचं नाही असं ठरतं, तिथे हळूहळू कशाबद्दलच बोलणं होत नाही. माणसं एकाच छपराखाली एकमेकांच्या पाठीमागे आपापलं काम करत राहतात. वस्तू सांभाळा असं मला तुम्हाला सांगता आलं असतं. पण मला तर सगळ्यांनी फार सांभाळलं.

कचेरीच्या व्हरांड्यात बाकं मांडली होती. एका बाजूला वतनदारांचं घर, दुसऱ्या बाजूला पाटकरी. त्यांत सुनेचा भाऊ होता, आता सव्विसावं शेत त्याच्याकडे. बहीण-भावाने एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही नजर वळवली. अधिकारी बाई चष्मा लावलेल्या, मध्यम वयाच्या. त्यांच्यापुढे त्या जुन्या कागदाची सरकारी नक्कल होती, आणि नकलेला दुमड नव्हती. त्यांनी ती मोठ्याने शेवटपर्यंत वाचली. 'वाटी खोटी झाली की' हे वाक्य वतनदारांच्या मुलाने प्रथमच ऐकलं असावं.

"सोडा वाटी," बाई म्हणाल्या.

प्लास्टिकच्या बादलीत मला सोडलं. कारकून घड्याळ घेऊन वाकला. मुलगा निवांत होता, चोवीस मिनिटं त्याच्या खिशात होती. मी भरत होते. बारा झाली, पंधरा झाली. माझ्या कडा पाण्याला टेकल्या तसा तो बाकावरून अर्धा उठला.

डुबुक.

"सतरा," कारकून म्हणाला.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

पुन्हा सतरा. पाटकऱ्यांच्या बाकावर कुणी हललं नाही. तिथल्या प्रत्येकाने मनात आपले खडे मोजले असतील, पण तोंडातून शब्द काढला नाही. इतक्या वर्षांची सवय.

मुलाने मला उचललं, भोक पाहिलं. मेण नव्हतं. त्याने माझ्या लकाकीकडे पाहिलं आणि मग बायकोकडे. "तू घासलीस?"

"आईंनी सांगितलं होतं."

तो बाईंकडे वळला. त्याचा आवाज चढला होता. "बाई, वाटी बरोबरच होती. कालपर्यंत चोवीस मिनिटं लागत होती, शपथेवर सांगतो. हिने घासून घासून भोक मोठं केलं. दहा वर्षं घासतेय. हिला कळत नाही कुठे किती जोर लावायचा."

"घासल्याने तांबं इतकं झिजतं?" बाईंनी विचारलं.

"हिच्या हाताने झिजतं."

कुणीतरी हसलं. कारकून पेन काढून म्हणाला, "बाई, तसं असेल तर चाकरीत दोष येत नाही. काम बंद झाल्यावर साधन खराब झालं, एवढं लिहायचं. 'सुनेच्या निष्काळजीपणाने' असं लिहितो. त्यांची सही घेऊ."

बाई सुनेकडे बघत होत्या. "तुम्ही केलंत का हे?"

मी टेबलावर ओली पडले होते. तिथून मला तिचा चेहरा दिसत होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. हो म्हटलं तर जमीन तिच्या लेकरांची. पण मग मी आयुष्यभर नेमकी बुडत होते असं कायमचं लिहिलं जाणार, आणि सव्विसाव्या शेताच्या बांधावरचा माणूस कायमचा पेंगुळ्या राहणार. नाही म्हटलं तर नवरा भर कचेरीत खोटा. तिचा भाऊ पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत बसला होता. तिला बोलायला माणूसच नव्हतं, आणि इथे घासायला भांडंही नव्हतं.

"काय लिहायचं ते लिहा," ती म्हणाली. "सही कुठे करू?"

कारकुनाने कागद फिरवला आणि बोट ठेवून जागा दाखवली. तिने पेन हातात घेतलं. राखेने चिरलेली तिची बोटं त्या पांढऱ्या कागदावर फार काळी दिसत होती.

बाकावर सासू बसली होती. कचेरीत आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती, आणि तिच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट होती. आता ती काठीवर जोर देऊन उठली. गुडघे धरले होते म्हणून दोनदा खाली बसली, तिसऱ्यांदा उभी राहिली. मुलगा हळू आवाजात म्हणाला, "आई, बस तू. झालंय सगळं." तिने त्याचा हात झटकला, टेबलाशी आली आणि सुनेच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"हिला कशाला सही करायला लावता?" ती म्हणाली. "भोक मी मोठं केलं. एकतीस वर्षं झाली. माझ्या स्वयंपाकघरात बसून, दाभणाने. हिचा बाप कधी झोपत नव्हता, बाई. त्याच्यापर्यंत पाणीच येत नव्हतं."